परसांतील बियाण्याची ठेव

'पेरावें तसें उगवतें' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. ती ऐकतांना सांगणाऱ्याचा रोख आपल्या वागणुकीवर आहे, हें आपण तेव्हांच ओळखतों. परंतु ज्यानें घरामागील परसांत दोन वाफे करून भाजी लाविली असेल, त्यास ठाऊक असतें कीं, ही म्हण आधीं अक्षरशः खरी आहे आणि मग ती उपदेशास उपयोगी पडते. आमच्या शाळेच्या बागेंत काम करणारे विद्यार्थी दर वर्षीं एक प्रश्न हटकून विचारतात, "गुरुजी, ह्याच भाजीचें बीं राखून पुढल्या वर्षीं लाविलें तर चालेल का?" ह्या प्रश्नास 'चालेल' असें एका शब्दांत उत्तर देतां येतें, परंतु तेवढ्यावर विसंबून ज्यांनीं बीं राखिलें, त्यांतील पुष्कळांची निराशा झालेली आम्हीं पाहिली आहे. त्या निराशेंत एकदां आमचाही वांटा होता. म्हणून विद्यार्थी व त्यांचे पालक ह्या दोघांसही उपयोगी पडेल असें ह्या विषयाचें थोडें सविस्तर विवेचन करण्याचें योजिलें आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या एका विद्यार्थ्यानें आपल्या आजीकडून मूठभर घेवड्याचें बीं आणिलें. बीं काळेभोर असून त्याच्या एका कडेस पांढरी शुभ्र रेघ होती. पावसाच्या आरंभीं तें आम्हीं कुंपणाशीं लाविलें. वेल मांडवावर चढला, दिवाळीनंतर जांभळ्या फुलांचे तुरे आले आणि नाताळच्या सुटीच्या आधीं इतक्या शेंगा लागल्या कीं, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरास दोन आठवडे दुसरी भाजी फारशी आणावी लागली नाहीं. कोंवळ्या, भरदार शेंगा आम्हीं आनंदानें खाल्ल्या. शेवटीं मांडवावर ज्या वेड्यावांकड्या, किडक्या, कोणासही नकोशा शेंगा उरल्या, त्यांचें बीं काढून एका पत्र्याच्या डब्यांत भरिलें व डबा कोठीच्या खोलींत ठेविला. पावसाळ्याच्या तोंडीं डबा उघडला, तों आंत भुंगेरे व पीठ ह्यांवांचून दुसरें कांहीं नव्हतें. आजीकडून पुन्हां मूठभर बीं मागून आण, असें त्या मुलास सांगितलें, तेव्हां तो खालीं मान घालून उभा राहिला. त्याची आजी त्याच उन्हाळ्यांत देवाघरीं गेली होती. आणि तिच्या गाडग्यांतील बीं घर आवरतांना कोणीं टाकून दिलें, हें घरांत कोणासच ठाऊक नव्हतें.

त्या दिवशीं आम्हांस जी लाज वाटली, तीच ह्या लेखाचें खरें कारण आहे. बीं ही आपल्या हातीं सोंपविलेली ठेव असते, असें आम्ही वर्गांत शिकवीत होतों. परंतु त्याचा अर्थ तो डबा उघडल्यावर आम्हांस कळला. त्या घेवड्याचें पुढें काय झालें, तें शेवटीं सांगूं. आमच्या हातून जें चुकलें तें दुसऱ्याच्या हातून चुकूं नये, ह्यासाठीं आधीं बीं राखण्याची रीत पाहूं.

कोणतें बीं आपल्या घराण्यावर जातें?

फुलांतील पुंकेसरांवरचे पराग स्त्रीकेसराच्या टोंकास लागले म्हणजे बीं धरतें. हे पराग त्याच फुलांतले असले, तर उगवणारें रोप बहुधा मूळ झाडासारखेंच निघतें. ते दुसऱ्या वाणाच्या झाडावरून आले असले, तर त्या बियाण्यांत दोन घराण्यांचे गुण मिसळतात. टोमॅटो, वाटाणा, घेवडा, चवळी, गवार व मेथी ह्यांच्या फुलांत परागसिंचन बहुतेक आंतल्या आंतच होतें. नवशिक्यानें ह्यांच्यापासून आरंभ करावा. दोन वाणांमध्यें दहा-बारा हातांचें अंतर ठेविलें, तर घरच्या कामापुरतें तें पुरेसें होतें.

वांगें, मिरची व भेंडी ह्यांची गोष्ट मधली आहे. ह्यांचें फूल स्वतःच्या परागांनीं फळूं शकतें. परंतु मधमाशा शेजारच्या झाडावरचे परागही आणितात. ढोबळी मिरचीशेजारीं तिखट मिरची लाविली असली, तर त्या वर्षींच्या ढोबळीच्या चवींत कांहीं फरक पडत नाहीं. परंतु तिचें बीं पेरून झालेल्या झाडांस पुढल्या वर्षीं तिखट फळें लागण्याचा संभव असतो. ह्यास उपाय सोपा आहे. जी फांदी बियाण्यासाठीं राखावयाची, तिजवर कळ्या उमलण्यापूर्वीं पातळ मलमलीची पिशवी बांधावी, फळें धरलीं म्हणजे ती काढावी व त्या फळांस खुणेचा दोरा बांधावा.

मुळा, माठ, कांदा व सर्व वेलभाज्या ह्यांत मात्र परक्या परागांचें येणें-जाणें फार असतें. वेलभाज्यांत बहुधा नर फूल निराळें व मादी फूल निराळें असतें. ज्या फुलाच्या देंठाशीं इवलेंसें फळ दिसतें, तें मादी फूल होय. पुष्कळ लोक समजतात कीं, काकडी, दुध्या व तांबडा भोपळा एका मांडवावर चढविल्यास त्यांची मिसळ होते. ही समजूत खरी नव्हे. तीं तिन्ही निरनिराळ्या जातींचीं आहेत. परंतु काकडीचे दोन वाण किंवा तांबड्या भोपळ्याचे दोन वाण जवळ असले, तर त्यांची मिसळ हटकून होते. दोडका व घोसाळें हे निकटचे आप्त असल्यामुळें त्यांचाही संकर होऊं शकतो. मात्र दोडक्याचें फूल सायंकाळीं उमलतें व घोसाळ्याचें सकाळीं, ही सृष्टिकर्त्यानें घातलेली एक गमतीची आडभिंत आहे.

अशा वेलांचें शुद्ध बीं पाहिजे असल्यास परागसिंचन आपल्या हातानें करावें. तांबड्या भोपळ्याचें फूल पहाटेस उमलतें. म्हणून आदल्या सायंकाळीं, दुसऱ्या दिवशीं उमलणारी एक नर कळी व एक मादी कळी हेरून दोहोंचीं तोंडें दोऱ्यानें हलकेंच बांधावीं. सकाळीं नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्या, मादी फुलाचा दोरा सोडून आंतील टोंकास परागांचा हात फिरवावा आणि मादी फूल पुन्हां बांधून टाकावें. देंठास रंगीत चिंधी बांधिली म्हणजे काम झालें. ह्यास पांच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाहीं, आणि वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांतील दोन पानें मुलांस कायमचीं समजतात.

येथें पालकांस एक इशारा देणें अवश्य आहे. दुध्या कधीं कधीं कडू निघतो. कडूपणा ज्या द्रव्यामुळें येतो तें विषारी असून कडू दुध्याचा रस प्याल्यानें आपल्या देशांत माणसें दगावलीं आहेत. म्हणून शिजविण्यापूर्वीं कच्च्या दुध्याचा लहानसा तुकडा जिभेस लावून पाहावा. कडू लागल्यास तो थुंकून टाकावा, तें फळ खाऊं नये आणि त्या वेलाचें बीं राखूं नये.

आतां बाजारांतील पाकिटांविषयीं. ज्या पाकिटावर 'संकरित' किंवा 'एफ-१' असें छापलेलें असतें, त्या बियाण्याचीं झाडें एकसारखीं व भरघोस येतात. परंतु त्यांचें राखलेलें बीं तशीं झाडें देत नाहीं. ह्यांत विक्रेत्याची लबाडी नाहीं. हा सृष्टीचा नियम आहे. तो शोधून काढण्याचा मान ग्रेगोर मेंडेल ह्या ख्रिस्ती मठवासी साधूस आहे. आजच्या चेक प्रजासत्ताकांतील ब्रनो शहराच्या मठांत १८५६ पासून १८६३ पर्यंत त्यांनीं वाटाण्यावर प्रयोग केले व १८६६ सालीं ते छापून प्रसिद्ध केले. गोल दाण्याचा व सुरकुतलेल्या दाण्याचा वाटाणा ह्यांचा संकर केल्यावर पहिल्या पिढींत सगळे दाणे गोल निघाले. ते दाणे पेरून जें पुढलें बीं आलें, त्यांत ७,३२४ दाण्यांपैकीं ५,४७४ गोल व १,८५० सुरकुतलेले होते. म्हणजे सुमारें तिनास एक. पहिल्या पिढींत दडलेला गुण दुसऱ्या पिढींत वर आला. संकरित भाजीच्या बियाण्यांत असे अनेक दडलेले गुण असतात व पुढल्या वर्षीं ते वाटेल तसे वेगळे होतात. म्हणून बीं राखावयाचें असल्यास आरंभीं गांवठी किंवा सुधारलेला सरळ वाण निवडावा.

उत्तम तें बियाण्यास

बीं राखण्यांतील सर्वांत मोठी चूक कोणती, असें आम्हांस कोणीं विचारिल्यास आम्ही सांगूं कीं, आधीं पोटभर खाऊन मग उरेल त्याचें बीं ठेवणें. घेवड्याच्या बाबतींत आम्हीं नेमकें हेंच केलें. ज्या झाडाचें बीं आपण ठेवितों, त्याचेच गुण आपण पुढल्या वर्षीं मागून घेतों. रोगट, उशिराचें, किडकें तें बियाण्यास ठेविलें, तर आपल्या परसांत हळूहळू तेंच घराणें नांदूं लागतें. म्हणून निवड हंगामाच्या भरांत, जिभेस पाणी सुटत असतांनाच केली पाहिजे.

निवड एकट्या फळाची न करितां सबंध झाडाची करावी. एका झाडास एकच मोठें वांगें लागलें व बाकीचीं खुरटलीं. दुसऱ्या झाडास मध्यम आकाराचीं वीस वांगीं लागलीं. येथें दुसरें झाड बियाण्यास योग्य होय. पानें आकसलेलीं, शिरा पिवळ्या पडलेलीं किंवा वाणाशीं न जुळणारीं झाडें फुलण्यापूर्वींच उपटून टाकावीं, म्हणजे त्यांचे पराग इतरत्र जाणार नाहींत. बीं एकाच झाडाचें न घेतां शक्य तर पांच-सहा झाडांचें एकत्र करावें. मुळा व माठ ह्यांसारख्या भाज्यांचें तर ह्याहूनही अधिक झाडांचें घ्यावें, नाहीं तर वाण दिवसेंदिवस कमजोर होतो.

एक गोष्ट मुलांस नेहमीं चकित करिते. टोमॅटो, भेंडी ह्यांसारख्या फळभाज्यांत जें झाड लवकर फळतें तें चांगलें. परंतु मेथी, माठ ह्यांसारख्या पालेभाज्यांत जें झाड सर्वांच्या आधीं फुलोऱ्यास येतें, त्याचें बीं राखूं नये. पालेभाजी फुलोऱ्यास आली म्हणजे पाला संपला. अशा झाडाचें बीं दर वर्षीं राखणारा मनुष्य लवकर पाला संपविणारी भाजी स्वतःच घडवीत असतो. घाईनें फुलणारें झाड खावें व धीरानें वाढणारें बियाण्यास ठेवावें.

आमच्या बागेंत आतां असा नियम आहे कीं, पहिल्या बहराच्या वेळीं विद्यार्थ्यांनीं एकमतानें उत्तम झाडें ठरवून त्यांस तांबडी चिंधी बांधावी. चिंधीच्या झाडास मुख्याध्यापकांनींही हात लावावयाचा नाहीं.

बीं केव्हां व कसें काढावें?

खाण्याची पक्वता व बियाण्याची पक्वता ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपण भेंडी, काकडी, दोडका, वांगें हीं कोंवळीं असतांनाच खातों. त्या वेळीं आंतील बीं अपुरें असतें. भेंडी झाडावरच वाळून तपकिरी होऊं द्यावी व तिच्या धारा उकलूं लागल्या म्हणजे तोडावी. घेवडा, चवळी, गवार ह्यांच्या शेंगा वेलावर कडकडीत वाळून आंत बीं खुळखुळूं लागलें म्हणजे काढाव्या. मात्र अवकाळी पावसाचीं लक्षणें दिसल्यास वेल उपटून छपराखालीं उलटा टांगावा. मिरची पुरती लाल होऊन सुरकुतूं लागली म्हणजे तोडावी. बीं काढतांना लागलेला हात डोळ्यांस लावूं नये, हें वेगळें सांगावयास नको.

वांगें पिवळें किंवा तपकिरी पडून मऊ होईपर्यंत झाडावर ठेवावें. मग तें कापून पाण्यांत कुस्करावें. भरलेलें बीं तळाशीं बसतें, पोकळ बीं व गर वर तरंगतो. काकडी पिवळी-नारिंगी होऊन जड पडली म्हणजे तिचें बीं घ्यावें. तांबडा भोपळा पिकल्यावर तोडून आणखी तीन-चार आठवडे घरांत ठेवावा, म्हणजे बीं भरून येतें. कारलें नारिंगी होऊन आपोआप उकलतें. आंतील बियांवरचें लाल वेष्टन धुऊन काढावें. दुध्या वेलावरच इतका वाळूं द्यावा कीं, हालविल्यावर आंत बीं वाजेल. वाळलेल्या भोपळ्याची कवटी किती टिकाऊ असते, हें मिरजेच्या तंबोऱ्यावरून सर्वांस ठाऊक आहेच. जुन्या बायका त्याच कवटींत बियाणें ठेवीत.

टोमॅटोच्या बियांभोंवतीं बुळबुळीत गराचें वेष्टन असतें. फळाच्या आंतल्या आंत बीं उगवूं नये म्हणून निसर्गानें तें दिलेलें आहे. तें काढण्यासाठीं पिकलेल्या टोमॅटोचा गर बियांसकट पेल्यांत घेऊन, थोडें पाणी घालून दोन-तीन दिवस सावलींत आंबूं द्यावा. वर साय धरते व थोडी दुर्गंधी सुटते. तिला भिऊं नये. नंतर पाणी घालून ढवळावें, वर येईल तें ओतून टाकावें व तळचें बीं स्वच्छ धुवावें. तें बशींत किंवा पत्रावळीवर पसरावें; कागदावर पसरल्यास तें चिकटून बसतें.

कांद्याची रीत निराळी आहे. तो पहिल्या वर्षीं गड्डा देतो व दुसऱ्या हंगामांत फुलतो. म्हणून उत्तम गड्डे राखून ते पावसाळा सरल्यावर पुन्हां लावावे, म्हणजे दांडे येऊन त्यांच्या शेंड्यास काळें बीं धरतें.

वाळविणें, सांठविणें व पारखणें

बियाण्याचे दोन मोठे शत्रु म्हणजे ओल व ऊब. शास्त्रज्ञांचा एक ढोबळ नियम आहे कीं, बियाण्यांतील ओल शेंकडा एकानें कमी केली तर त्याचें आयुष्य सुमारें दुप्पट होतें, आणि सांठवणीच्या जागेची उष्णता पांच अंश सेंटिग्रेडनें कमी केली तरीही तें सुमारें दुप्पट होतें. म्हणून वाळविण्याच्या कामांत आळस करूं नये. ओलें बीं प्रथम सावलींत, वाऱ्यावर वाळवावें. नंतर सकाळच्या कोंवळ्या उन्हांत दोन-तीन दिवस ठेवावें. भर दुपारच्या उन्हांत तापलेल्या पत्र्यावर ओलें बीं टाकल्यास आंतील अंकुर मरतो. घेवड्याची बी दातांखालीं धरून दाबली असतां दबली, तर ती ओली आहे व टणक लागून फुटली, तर ती वाळली आहे, असें समजावें. भोपळ्याची बी वांकविल्यावर कट्दिशीं मोडली पाहिजे.

वाळलेलें बीं घट्ट झांकणाच्या कांचेच्या बरणींत ठेवावें. बरणीच्या तळाशीं भाजून थंड केलेल्या तांदुळाची पुरचुंडी ठेविली, तर ती उरलेली ओल शोषून घेते. आपल्या आज्या गाडग्यांत बियाण्याबरोबर चाळलेली कोरडी राख व कडुलिंबाचा वाळलेला पाला घालीत आणि तोंडावर फडकें बांधून वर शेणमातीचा लेप देत. ही रीत अडाणीपणाची नव्हे. राख ओल शोषिते व भुंगेऱ्यांस फिरकूं देत नाहीं. प्रत्येक बरणींत भाजीचें नांव, वाण, कोणाकडून मिळाला तें व साल लिहिलेली चिठ्ठी घालावी. चिठ्ठीवांचूनचें बीं दोन वर्षांनीं निनांवी पोरकें होतें.

नीट राखलेलें बीं तरी किती दिवस टिकतें? सर्वसाधारण हवेंत कांद्याचें बीं एक वर्षच भरंवशाचें, भेंडी व मिरची ह्यांचें सुमारें दोन वर्षें, घेवडा व वाटाणा ह्यांचें तीन, टोमॅटो, वांगें व भोपळा ह्यांचें चार, काकडीचें पांच. कोंकणासारख्या दमट प्रदेशांत ह्याहून कमी धरावें. पेरणीपूर्वीं पारख करावी. दहा बिया मोजून ओल्या फडक्यांत गुंडाळाव्या, फडकें ओलसर ठेवावें व आठवड्यानें उघडून पाहावें. मिरची व वांगें ह्यांस कांहीं दिवस अधिक द्यावे. आठ-नऊ उगवल्या तर बीं उत्तम. पांच उगवल्या तर दाट पेरावें. दोनच उगवल्या तर ज्या उगवल्या त्या जपून लावून नवीन बीं धरावें. गणिताच्या तासास शेंकडेवारी शिकविण्यास ह्याहून चांगलें साधन आम्हांस आढळलें नाहीं.

ठेव सांभाळणारी माणसें

एवढ्याशा बियाण्यासाठीं इतका खटाटोप कशाला, असें कोणास वाटेल. त्यांनीं लेनिनग्राड येथील हकीकत आठवावी. निकोलाय वाविलोव ह्या रशियन शास्त्रज्ञानें देशोदेशीं हिंडून अन्नधान्यांच्या व भाज्यांच्या वाणांचें बीं त्या शहरांतील संस्थेंत जमविलें होतें. दुसऱ्या महायुद्धांत सप्टेंबर १९४१ पासून जानेवारी १९४४ पर्यंत शहरास वेढा पडला व लक्षावधि लोक उपासमारीनें मेले. संस्थेंतील कोठारांत तांदूळ, गहूं, भुईमूग भरलेले असतांना तेथील कांहीं सेवक भुकेनें मरण पावले. परंतु त्यांनीं बियाण्यास हात लाविला नाहीं. स्वतः वाविलोव ह्यांस त्यांच्याच देशाच्या राज्यकर्त्यांनीं कैदेंत टाकिलें होतें व १९४३ सालीं सारातोव्ह येथील तुरुंगांत त्यांचा अंत झाला. आम्हांस एका मांडवाच्या शेंगा खातांना जो संयम राखतां आला नाहीं, तो ह्या लोकांनीं मृत्यूच्या दारीं राखिला.

दूर कशास जावें? अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यांतील कोंभाळणें गांवच्या श्रीमती राहीबाई पोपेरे ह्यांनीं शाळेचें शिक्षण मिळालेलें नसतांना गांवठी धान्यांचे व भाज्यांचे वाण जमवून आपल्या घरीं बियाण्यांचें भांडार उभें केलें. २०२० सालीं भारत सरकारनें त्यांस पद्मश्री जाहीर केली. लोक त्यांस 'बीजमाता' म्हणतात. आपल्या देशाच्या २००१ सालच्या कायद्यानेंही शेतकऱ्यानें आपल्या शेतांतील बीं राखणें, पेरणें व दुसऱ्यास देणें, हा त्याचा हक्क मानिला आहे. हक्क कागदावर राहतो. वाण मात्र कोणीतरी दर दोन-तीन वर्षांनीं मातींत पेरला तरच जिवंत राहतो.

आतां त्या घेवड्याची गोष्ट पुरी करूं. पुढें दोन वर्षें आम्ही तें बीं शोधीत होतों. शेवटीं त्याच विद्यार्थ्याच्या आईस आठवलें कीं, आजीनें एकदां वाटेवरच्या वस्तींतील एका बाईस मूठभर बीं दिलें होतें. आम्ही मुलांस घेऊन तेथें गेलों. गोठ्याच्या छपरावर तोच वेल होता. त्या बाईनें आढ्यास टांगलेलें गाडगें काढिलें, राखेंतून काळेभोर बीं चाळून आमच्या ओंजळींत घातलें आणि म्हटलें, "तुमच्या म्हातारीचंच आहे, गुरुजी. घेऊन जा." पैसे देऊं केले, ते तिनें घेतले नाहींत, पुढल्या वर्षीं दुसऱ्या कोणास तरी मूठभर द्या, एवढेंच सांगितलें.

आजीनें जें स्वतःच्या गाडग्यांत ठेविलें, तें गेलें. जें दुसऱ्यास दिलें, तें राहिलें. विश्वासू कारभारी ठेव पुरून ठेवीत नाहीं, तो ती वाढवितो, ही शिकवण आम्हीं उपासनेच्या वेळीं अनेकदां ऐकिली होती. ती गोठ्याच्या त्या छपराखालीं आम्हांस नव्यानें समजली. तेव्हांपासून आमच्या शाळेंत एक परिपाठ पडला आहे. दर उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीं त्या घेवड्याच्या बियाण्याच्या पुड्या बांधून त्या दहा निरनिराळ्या गांवच्या विद्यार्थ्यांस देतों, व सुटीनंतर कोणाचा वेल कसा उगवला, हें विचारितों. एका घरचा वेल वाळला, तरी नऊ घरीं तो राहील.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे कीं, ह्या वर्षीं परसांतील एका तरी भाजीचें उत्तम झाड मुलाच्या हातून निवडवून त्यास चिंधी बांधवावी आणि त्या झाडाचें फळ पानांत वाढण्याचा मोह आवरावा. घरांत आजी-आजोबा असतील, तर त्यांच्या गाडग्यांत काय आहे, हें आजच विचारावें व तें लिहून ठेवावें. आणि विद्यार्थ्यांनो, जें बीं तुमच्या हातीं येईल, त्याची एक मूठ पेरा, एक मूठ राखा व एक मूठ शेजाऱ्यास द्या.